हिरव्या चेहऱ्याचा निरोप

पुणे, ११ जून २०१७

नाजे,

दचकलीस ना? पाकिटावर माझं अक्षर बघून आधी वाटलं असेल, ही बया गेली की काय! नाही गं, जिवंत आहे. तुझ्या डोक्यावर मिरे वाटायला अजून पुष्कळ वर्षं शिल्लक आहेत.

परवा फोनवर तुला विचारलं, कशी आहेस? तू म्हणालीस, "सब ठीक, तू बोल." मागच्या महिन्यातही सब ठीक, त्याच्या आधीही सब ठीक. अगं, यवतमाळला शाळेत एका बाकावर दहा वर्षं बसलोय आपण. तुझं सब ठीक कधीच नसतं, एवढं मला कळतं. म्हणून हे पत्र. फोनवर खोटं बोलायला काही लागत नाही, कागदावर खोटं लिहायचं तर हात दुखतो. तूही हातानेच लिहायचं. काही महिने फोन बंद, फक्त पत्रं. यात माझा स्वार्थ आहे, तो आता सांगते.

माझं काम तुला माहीत आहे. मोबाईलच्या पडद्यावर काय कुठे असावं, बटण केवढं असावं, माणूस घाबरलेला असेल, दमलेला असेल तर त्याला काय दिसावं, ते मी ठरवते. बाबांना अजून ते कळलेलं नाही. यवतमाळला लोहाऱ्यातल्या शेजाऱ्यांना ते सांगतात, पोरगी मोबाईल रंगवते. असो. आता आमच्याकडे नवीन काम आलंय: कपाशीवर फवारणी करणाऱ्यांसाठी एक ॲप. औषध नाकातोंडात गेलं की चक्कर येते, उलट्या होतात, डोळ्यांची आग होते. माणूस म्हणतो होईल बरं, आणि दवाखान्यात जाईपर्यंत फार उशीर झालेला असतो. तर फोनने रोज संध्याकाळी विचारायचं, कसं वाटतंय, आणि त्याने एका बोटाने उत्तर द्यायचं. आमच्या अख्ख्या टीममध्ये कपाशीचं झाड पाहिलेली मी एकटी, आणि मीही ते एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं.

तुझे 'अहो', जमीरभाई, फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात सगळे येतात. तू मला फक्त लिही, ही माणसं फोन कुठे ठेवतात, कशी धरतात, केव्हा बघतात, कशाला वैतागतात. मनात येईल ते लिही. आणि मधूनमधून स्वतःबद्दलही लिही, नाहीतर मार खाशील.

तुझी,
आभा


नेर, २८ जून २०१७

आभे, भवाने,

तुहं पत्र पाहून माही सासू रडाले लागली. पोस्टमननं माह्या नावाचं पाकीट देलं तं अम्मीले वाटलं कोर्टाचा कागद आला. मंग मीनं वाचून दाखवलं. तुह्या बाबाचं मोबाईल रंगवते हे आइकून इतकी हासली का तिले ठसका लागला. परवा ईद झाली. तुह्या वाटचा शिरखुर्मा मीनंच खाल्ला, दोन वाट्या. दोन काहून ते पुढं सांगते, थांब.

आंधी तुहं काम. फवारणीवाल्याचा मोबाईल बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात असते. हात ओले असतात, औषधाचे असतात. फोन वाजला का हात कुठं पुसाव? मंग आमचे मेकॅनिक साहेब नाकानं उचलतात फोन. खरं सांगून राह्यली! पिशवीवरूनच नाकाचा शेंडा असा सरकवतात का पाहूनच हासू येते. तवा तुहं बटण एवढं मोठं कर का नाकानं दाबता आलं पाह्यजे. दुसरी गोष्ट, तिथं वाचत कोणी नाई. बोलून इचारलं पाह्यजे. अन् ते "कृपया" वाली बाई ठेवू नको. कृपया आइकलं का लोकं कंपनीचा फोन समजून कापतात.

जमीर तं दुकानदार, त्यायचं काम पंप दुरुस्तीचं. पण पंप वावरात बंद पडला का शेतकरी किसनराव फोन करतात, जमीरभाई या. हे जातात, पंप चालू करून देतात, अन् मजूर पळून गेला असन तं सोताच पाठीवर घेऊन फवाराले लागतात. म्हणतात, चालू पंप खाली ठेववत नाई. हौस हाय मेली! मी इकडे वाट पाहून राह्यते. तिकडे रेंज असते नसते. घरी आले का इचारते, कसं वाटते? म्हणतात एकदम फस्क्लास. तुह्यासारखं मले बी वाटते, माणसाचं एकदम फस्क्लास कधीच नसते.

आता दोन वाट्याचं. मले पाचवा महिना लागला. आंधी दोनदा काय झालं ते तुले माहीत हाय, म्हणून यावेळी कोणालेच सांगतलं नाई. डॉक्टरीण म्हणते धावपळ नको, धसका नको. जमीर तं मले पाण्याची बादली उचलू देत नाई. तुले सांगतलं, आता तोंड बंद ठेवजो.

अन् आइक, तुह्या त्या मोबाईलमधी माह्यासाठी एक गोष्ट बसव. त्यायनं तिकडे दाबलं का इकडे मले समजलं पाह्यजे. बरं असन तं बरं, नसन तं नाई. मंग मी घरी बसून तं राहीन, पण माहा जीव तं वर-खाली होणार नाई. जमते का असं? जमव बाई.

तुही,
नाजिया


पुणे, १३ जुलै २०१७

नाजे, माझे माय,

पाचवा! मी ऑफिसमध्ये पत्र वाचताना ओरडले. सगळ्यांना वाटलं पगार वाढला. कोणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. तू बादल्या उचलू नकोस, मी इथून बघतेय असं समज.

तुझं पत्र मी टीमला वाचून दाखवलं (बादलीचं सोडून). नाकाचं ऐकून आधी सगळे हसले. मग आमच्या साहेबांनी स्वतःचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि नाकाने दाबून पाहिला. आता आमच्या पडद्यावर दोनच चेहरे आहेत, अख्खा पडदा भरून. वर हिरवा, खाली लाल. हिरवा म्हणजे बरं आहे, लाल म्हणजे बरं नाही. आधी पाच चेहरे काढले होते. थोडं बरं, जरा बरं नाही, असले. तुझं पत्र आल्यावर तीन फाडून टाकले. दमलेल्या माणसाला पाच चेहरे दाखवणं म्हणजे छळ आहे.

आणि तुझी मागणी! नाजे, ती सगळ्यांना इतकी आवडली की आता तीच या ॲपचं काळीज झालीय. प्रत्येकाने सुरुवातीला आपला एक जवळचा माणूस निवडायचा. संध्याकाळी हिरवं दाबलं की त्या माणसाच्या फोनवर हिरवा चेहरा जातो. लाल दाबलं की त्याचा फोन जोरात वाजतो, घेईपर्यंत वाजत राहतो. साहेब म्हणाले, लोक स्वतःसाठी खरं बोलत नाहीत, घरच्यांसाठी बोलतात. प्रेमाच्या माणसाला कळणार म्हटलं की माणूस दुखणं अंगावर काढणार नाही. मला ते इतकं पटलं की मी घरी येऊन रडले. तुझ्यासाठी काहीतरी करता आलं, असं पहिल्यांदाच वाटलं.

आता एक काम. आवाज तुझा हवा. आम्ही इथे एका नटीकडून वऱ्हाडी बोलवून घेतलं, ते ऐकून मला झीट आली. तू फक्त एवढंच म्हण, जमीरभाईंना रोज विचारतेस तसं: कसं वाटून राह्यलं जी? सोबत लिहिलंय कसं रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. त्यांच्या फोनमध्ये ॲप कसं घालायचं तेही लिहिलंय. नेरमध्ये अजून ज्यांना हवं त्यांना दे.

जवळचा माणूस म्हणून जमीरभाई तुलाच निवडतील ना? नाही निवडलं तर मला कळव, मी येऊन बघते त्यांच्याकडे.

आभा


नेर, १४ ऑगस्ट २०१७

आभे,

रेकॉर्ड कराले बसली तं अम्मी समोर बसून हासे. सात वेळा बिघडलं. मंग जमीर दुकानातून आले, दाराशी उभे राह्यले, तवा त्यायच्याकडे पाहून बोलली. ते बरोबर निंघालं. जमीर लाजले! आभे, लग्नाले सहा वर्स झाले, पहिल्यांदा पाह्यले मीनं लाजताना.

निवडलं बरं का मलेच. त्यायनं अम्मीचं नाव टाकाले घेतलं होतं, मीनं असं पाह्यलं का लगेच बदललं.

कपाशी यंदा लय वाढली हाय. माणसाच्या डोस्क्यावरून चालली. पंप वर धरून फवारा लागते, मंग सगळं तोंडावरच पडते. पांढरी माशी बी लय हाय, लोकं दोन दोन तीन तीन औषधं एकत्र करून मारून राह्यले. मजूर भेटत नाई, म्हणून जमीर किसनरावच्या वावरात बी जातात, आणखीन इकडे तिकडे बी जातात. मांगलादेवीच्या रस्त्यानं सकाळी जाणारी त्यायची गाडी संध्याकाळीच येते. तोंडाले दुपट्टा बांधतात. चष्मा देला होता तं म्हणतात वाफ धरते, दिसत नाई.

पण आभे, संध्याकाळी टुण्णकन वाजते अन् माह्या फोनवर तुहं हिरवं तोंड येते. मले किती बरं वाटते तुले नाई समजणार. मी ते पाह्यते अन् भात टाकते. आंधी मी दारात जाऊन जाऊन थकत होती. आता अम्मी बी इचारते, हरा आया क्या? आला म्हटलं का ती तसबीची माळ घेऊन बसते. रुपीबाईले बी देलं मीनं, ते तांड्यावरून येते निंदाले, तिचा नवरा फवारते. ती म्हणे हे हिरवं मेलं माह्याकडे पाहून दात काढते. मी म्हटलं दात काढू दे, लाल रडते त्यापेक्षा बरं.

जमीरचे डोळे लाल राह्यतात थोडे. म्हणतात धूळ हाय, गाडीवर उडते. जेवण बी कमी झालं. म्हणतात गरमी हाय, भूक नाई लागत. मीनं म्हटलं डॉक्टरकडे चला, तं म्हणे तुह्या मैत्रिणीचं मशीन रोज हिरवं सांगते ना? मंग? मी म्हटलं होय बाप्पा, मशीन तं हिरवंच सांगते.

पोटातलं आता लाथा मारते. जमीर हात ठेवतात अन् म्हणतात, मेकॅनिक होईन हे. पोरगी झाली तं? पोरगी मेकॅनिक, म्हणतात.

तुही,
नाजिया


पुणे, ४ सप्टेंबर २०१७

लाडके नाजे,

ईद मुबारक, उशिराने. अम्मींना सलाम सांग.

आज तुला फार मोठी बातमी द्यायचीय. आमचं ॲप आता राळेगावकडेही जाणार आहे. सगळ्या फोनमध्ये तुझाच आवाज! साहेबांनी मोठ्या बैठकीत नेरचं उदाहरण दाखवलं. बाकी ठिकाणी लोक ॲप दोन दिवस वापरतात आणि सोडून देतात. नेरचे लोक रोज उत्तर देतात आणि जवळजवळ सगळं हिरवं. काळजी घेणारं कोणीतरी आहे एवढ्या भावनेनेच माणूस सांभाळून वागतो, असं साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, या टाळ्या नाजियाच्या.

आणि गंमत ऐक. आम्हाला दिसतं की कोण किती वेळात उत्तर देतं. जमीरभाई सगळ्यांत पुढे! तुझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं बोट हिरव्यावर पडतं. "कसं वाटून" एवढंच होतं की झालं. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. माणसाला विचार करावा लागला नाही म्हणजे रचना बरोबर आहे. त्यांना सांग, तुम्ही आमचे सगळ्यांत हुशार गिऱ्हाईक आहात.

डोळ्यांसाठी थंड पाण्याच्या घड्या ठेव. धूळच असेल. इथे माझेही गाडीवर लाल होतात. दसऱ्यानंतर सुट्टी मिळतेय, तेव्हा नेरला येते. गोदभराईला साडी कुठल्या रंगाची आणू? हिरवी आणते, आता तोच आपला रंग.

आभा


नेर, २८ सप्टेंबर २०१७

आभा,

जमीर गेले. १३ तारखेले, बुधवारी, यवतमाळच्या दवाखान्यात.

तुहं पत्र आलं तवा आम्ही तिथंच होतो. माहा भाऊ अफरोज घरून कपडे घेऊन आला, त्याच्यात पत्र आणलं. मीनं ते त्यायच्या उशाशी बसून वाचलं. हुशार गिऱ्हाईक. साडी कोणत्या रंगाची.

मी तुले शिव्या देणार होती. चार कागद फाडले. आता जसं झालं तसं सांगते.

सोमवारी संध्याकाळी मले हिरवं तोंड आलं. मी भात टाकला. अन् थोड्या वेळानं किसनरावचा फोन आला का जमीरभाई पडले, गाडीत टाकून आणून राह्यलो. मीनं म्हटलं खोटं हाय, आताच तं हिरवं आलं. मी किसनरावसोबत भांडली, आभे. मीनं माह्या नवऱ्याच्या जिवाचं भांडण त्या तोंडाच्या भरवशावर केलं.

आणलं तं तोंडातून फेस. घाम असा का शर्ट पिळून घ्यावं. डोळ्यातले काळे बुबुळ टाचणीच्या टोकाएवढे झाले होते. डॉक्टर म्हणे हे आजचं नाई, लय दिवसाचं आंगात भरत आलं. किती दिवसापासून उलट्या होत्या, इचारलं. मी काय सांगू? माह्याजवळ तं रोजचं हिरवं होतं. मीनं फोन काढून डॉक्टरले दाखवला. त्यायनं फोन परत माह्या हातात देला.

दुसऱ्या दिवशी थोडे शुद्धीत आले. मी इचारलं, काहून दाबत होते हिरवं? मले काहून नाई सांगतलं? आवाज निंघत नव्हता. मी कान तोंडाशी नेला. म्हणे, "तूच इचारत होती ना. तुले कसा लाल दाबू?" मंग पोटाकडे पाह्यलं माह्या.

मयतीनंतर किसनराव आले. दाराबाहेरच बसले, आत येईना. म्हणाले, पोरी, पंधरा दिवसापासून ओकून राह्यला होता. धुऱ्याच्या बांधावर बसून ओके, विहिरीवर तोंड धुवे, मंग फोन बोलला का पहिले शर्टानं तोंड पुसे. जशी काही तू समोरून पाहून राह्यली. हासे जरासा, अन् मंग हिरवं दाबे. मी म्हटलं लाल दाब ना गड्या, त्याच्यासाठीच तं हाय ते. तं म्हणे, लाल दाबलं का तिकडे ती पळत सुटन, दोनदा गमावलं हाय तिनं, यावेळी धसका नको. चार दिवसाचं काम हाय, मंग मीच दाखवतो डॉक्टरले.

आइकलं? असं हाय ते. माहा आवाज नसता तं त्यायनं दाबलं असतं लाल. माहं नाव नसतं तं दाबलं असतं. अम्मीचं टाकत होते तं मीनं डोळे वटारले. तू म्हणशीन माही चूक झाली, माफ कर. नको म्हणू. मागतलं मीनं होतं. तू देलं. त्यायनं सांभाळलं. तिघाइनं मिळून चांगलंच केलं सगळं, अन् माणूस मातीत गेला. मी कोणाच्या नावानं रडू? सांग ना मले. तुले शिकवते ना तिकडे माणसाचं मन कसं चालते ते? मंग हे काहून नाई शिकवलं तुले?

मी इद्दतमधी हाय, आमच्यातलं विधवेचं सुतक. डिलिव्हरी होईस्तोवर घराबाहेर पडाचं नाई. तू येऊ नको. मले कोणाचं तोंड पाहाचं नाई. मी ठीक हाय.

नाजिया


पुणे, ८ ऑक्टोबर २०१७

नाजिया,

तू माफी मागू नको म्हणालीस, म्हणून मागत नाही. दुसरं काही सुचत नाही. तुझं पत्र आल्यापासून रोज कागद पुढे घेते आणि बसून राहते.

तू येऊ नको म्हणालीस, म्हणून आले नाही. बाबा म्हणाले, मी जाऊन येतो नेरला. त्यांनाही नको म्हटलं. तुला त्रास व्हायला नको.

ऑफिसात मी जमीरभाईंचं सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवायला घेतलं, पण अर्ध्यातच थांबले, मग साहेबांनी वाचलं. मी म्हटलं, प्रश्न पुरा व्हायच्या आत जे बोट पडतं ते यश नव्हतं. त्या माणसाला प्रश्न पुरा ऐकवत नव्हता. माझ्यासमोर ते रोज दिसत होतं आणि मी त्याच्या टाळ्या घेतल्या. रोज तेवढ्याच घाईने हिरवं दाबणारे अजून बरेच आहेत, नाजे. मी यादी काढली आणि तालुक्याच्या आरोग्यसेविकांना एकेकाकडे पाठवलं. रुपीबाईचा नवरा त्यात होता. त्याला दवाखान्यात नेलंय, आता बरा आहे.

लाल दाबल्यावर घरी निरोप जाणं मी बंद केलंय. आता तो परक्या माणसाकडे जातो, नर्सकडे.

एक गोष्ट मात्र मी तुला विचारल्याशिवाय केली नाही. तुझा आवाज. राळेगावच्या लोकांच्या फोनमधूनही रोज संध्याकाळी तूच विचारतेस. काढू का? एका दिवसात निघेल. पण तो तू जमीरभाईंकडे बघून बोलली होतीस, म्हणून माझा हात धजत नाही. तू सांगशील तसं करते.

तब्येतीला जप. कशी आहेस ते दोन ओळींत तरी कळव.

आभा


नेर, ५ नोव्हेंबर २०१७

आभे,

डोस्कं हाय का तुले? मीनं येऊ नको म्हटलं अन् तू खरंच आली नाई! एक महिना दाराकडे पाहून राह्यली मी. अम्मी म्हणे, तेरी सहेली नहीं आयी. मी म्हणे मीनंच नको म्हटलं. अम्मी म्हणे, तो? तूनं बोला और उसनं मान लिया? दहा वर्स एका बाकावर बसली अन् मी ठीक हाय लिहिलं ते तुले खरं वाटलं? वर मले लिहिते कागदावर खोटं लिहिता येत नाई. येते बाई. काही हात दुखत नाई.

रुपीबाई येऊन गेली. पायाशी बसून रडली. तिचा नवरा चालते फिरते. मले बरं वाटलं अन् लय राग बी आला, दोन्ही एकाच वेळी. त्याचं काय करू ते समजत नाई.

पोरगी झाली. मागच्या रविवारी. बारकी हाय, पण हाय. रडते तं गल्ली डोस्क्यावर घेते.

कसं झालं ते तुले सांगाचं हाय, दुसऱ्या कोणाले नाई सांगतलं. सकाळपासूनच माह्या पोटात दुखत होतं. पण अम्मीनं पोरगा गेला तवापासून धड झोप घेतली नव्हती. त्या दिवशी दुपारी नमाज पढून तिचा जरासा डोळा लागला होता. मी म्हटलं झोपू दे बिचारीले. दात आवळून भिंतीले धरून बसली. थोड्या वेळानं ती तशीच डोळे मिटून म्हणे, "नाजिया, कैसा लग..." मी म्हटलं, "अच्छा हय अम्मी, एकदम अच्छा." तिचं इचारणं पुरं बी झालं नव्हतं, आभे.

अन् मंग मीच माह्या तोंडावर हात ठेवला. दीड महिना मी त्यायले मनात भांडत होती, खोटारडा, मले फसवून गेला, माह्यावर भरवसा नाई ठेवला. अन् आता मी काय केलं? तेच केलं. जीव जात होता तरी केलं. काहून केलं? तं ती समोर थकून पडली होती म्हणून. एवढंच. त्यायनं बी एवढंच केलं असन. मी तशीच बसून रडाले लागली, दुखण्यानं नाई, त्यायच्यासाठी. इतके दिवस रडली पण रागानं रडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यायच्यासाठी रडली.

अम्मीनं माहं आइकलंच नाई. उठली, माह्याजवळ आली, काही न इचारता पोटावर हात ठेवला. म्हणे, "मेरा बेटा भी अच्छाच था." अन् अफरोजले आवाज देला, आटो आण. डॉक्टरीण म्हणे आणखीन उशीर केला असता तं पोर हाती नसतं लागलं.

आता तुहं उत्तर. माहा आवाज काढ. नेरचा काढ, राळेगावचा काढ, जिथं जिथं असन तिथून काढ. कोणाच्याच बायकोचा ठेवू नको, मायचा बी नको. परक्या बाईचा ठेव, थोडी खेकसणारी असली तरी चालन. एसटीत बाजूले बसलेल्या बाईले माणूस घरचं सगळं सांगते. अन् एकदा इचारून सोडू नको. नर्सले पाठवत राह्यजो. कोणी हिरवं म्हटलं तरी पाठवजो.

अन् तू ये. पत्र नको पाठवू, फोन बी नको करू. यवतमाळहून नेरच्या एसटीत बस अन् सरळ घरी ये. बाबाले बी आण. मी भांडीन तुह्यासोबत, ते आइकून घेजो.

एक गोष्ट राह्यली. जमीरनं पोरीचं नाव ठरवलं होतं. पोरगीच होईन म्हणे, अन् नाव लय छान हाय म्हणे. मी किती मागं लागली, तं सांगेच ना. हासे अन् म्हणे, हातात घेईन तवा तिच्या कानात पहिले सांगीन, मंग तुले. मीनं अम्मीले इचारलं, अफरोजले इचारलं, दुकानाच्या पोराइले इचारलं, किसनरावले बी निरोप धाडला. कोणालेच सांगतलं नाई त्यायनं. आज सातवा दिवस, आज नाव ठेवाचं असते. अम्मी म्हणे तूच ठेव काही बी. मले होत नाई, आभे. सध्या तं आम्ही तिले नुसतं बाई म्हणून राह्यलो.

तुही,
नाजिया